पवित्राच्या नावाने

२ फेब्रुवारी, फरीदाबाद

पहाटे जाग येता येता जिनिंगचा आवाज आला. आमच्या गावी शाळेच्या भिंतीला लागून कापसाची जिनिंग फॅक्टरी होती. थंडीभर तो घरघराट चालायचा आणि त्याच्यावर आवाज चढवून आम्ही चाळीस पोरं कविता म्हणायचो. गुरुजी म्हणत, यंत्र हरलं पाहिजे. रोज हरायचं. साठ वर्षं होऊन गेली.

सुशीला म्हणाली, खालच्या मजल्याची पाण्याची मोटार असेल. असेल.

पण त्या आवाजाने टेकडीच्या कवितेचं तिसरं कडवं आठवलं, आठ दिवस अडून बसलं होतं. तसाच उठलो आणि वहीत उतरवलं. एकवीस कविता झाल्या. सगळ्या शाळेतल्या, सगळ्या तोंडपाठ. पवित्राला पाठवायची वही. नेपाळीची लिपी आपलीच, त्यामुळे वाचता येतं तिला. अर्थ मी खाली हिंदीत लिहितो.

नेपाळातल्या या मुलीच्या शिक्षणाचा खर्च मी ज्या संस्थेमार्फत देतो, तिने पहिला फोटो पाठवला तेव्हा ही तिसरीत होती. आता दहावी. चैत्रात बोर्डाची परीक्षा. घर तीन तासांच्या चढणीवर, म्हणून शाळेच्या वसतिगृहात राहते. मागच्या पत्रात लिहिलंय, आमच्या घरात दहावीपर्यंत पोचलेली मीच पहिली. ते पत्र महिला मंडळात सु.ने चार बायकांना वाचून दाखवलं. मी दाखवायला सांगितलं नव्हतं. (सुचवलं होतं.)

५ फेब्रुवारी

वानखेडे येऊन गेला. वर्ध्याच्या वसतिगृहापासूनचा दोस्त, दिल्लीतही नोकरीला माझ्यामागोमाग आला. उद्या आमच्या लोकांची लुंबिनीची बस सुटतेय, दिल्लीतल्या कोपर्निकस मार्गावरून, सकाळी सहाला. माझा गुडघा नाही म्हणतो. वानखेडे म्हणाला, लुंबिनीहून तुझ्या पोरीची शाळा जीपने अर्ध्या दिवसाची, मी नकाशा बघितलाय, वही दे, हातात देतो.

संस्थेचा नियम असा की दात्याने मुलाशी परस्पर संपर्क साधू नये, पत्रंसुद्धा त्यांच्यामार्फतच. शाळेचं नाव मला कळलंय तेसुद्धा फोटोत मागे पाटी आली म्हणून. मी म्हटलं, नियमात बसत नाही.

‘मेश्राम, तू रिटायर झालास, तुझे नियम कधी होणार?’

चौतीस वर्षं मंत्रालयात काढली, एक कागद परस्पर दिला नाही कुणाला. आज वही दिली. खाकी कव्हर घालून. पहिल्या पानावर लिहिलं, चि. पवित्रास, अनेक आशीर्वाद.

सु. म्हणाली, ‘सख्ख्या नातीला घातलंत का कधी कव्हर?’ नातीला मराठी वाचता येत नाही, त्याला मी काय करू.

१० फेब्रुवारी

व्हिडिओ आला! वानखेडेने शाळेतून पाठवला. निळा स्वेटर, दोन वेण्या, हातात माझी वही. टेकडीची कविता म्हणते आहे. टेकडीचीच! ‘ळ’ म्हणता येत नाही, ‘ल’ म्हणते, पण थांबत नाही कुठे. चाल तिची स्वतःची. आमच्या गुरुजींच्या चालीपेक्षा संथ, चढण चढताना म्हणावी तशी. अर्थ नीट कळल्याशिवाय तिसऱ्या कडव्यापाशी असा आवाज खाली येत नाही.

चार वेळा बघितला. पाचव्या वेळी सु. शेजारी बसली.

शेवटी वानखेडेचा आवाज येतो, ‘शाब्बास, पवित्रा! पवित्रा, इधर देखो!’ मुलगी वहीची पानं सारखी करत राहते. ‘पवित्रा बेटा!’ तरी नाही. मग मागचे सर तिच्या कोपराला हात लावतात, तेव्हा ती दचकून बघते.

‘ऐकू कमी येतं का हो हिला?’ सु.

लाजली असेल. एवढ्या लांबून कोणी येतं का कधी तिच्याकडे.

११ फेब्रुवारी

वानखेडेचा फोन, सीमेवरच्या सोनौलीच्या नाक्यावरून. बरेच हॉर्न. आवाज नेहमीचा नाही.

‘आल्यावर सांगतो.’

‘आत्ता सांग.’

‘ती पवित्रा नाही यार.’

१३ फेब्रुवारी

वानखेडे बसमधून उतरून सामानासकट थेट इथेच. जयभीम घातला, चहा घेतला आणि सगळं सांगितलं. हेडसरांनी त्याच्यापाशी कबूल केलं म्हणे. लपवलं नाही, रडले.

पवित्रा सहावीनंतर शाळा सोडून गेली. घरदार उचलून कुठे कामाला गेले, पत्ता नाही. संस्थेला कळवलं असतं तर त्यांनी पवित्राचं नाव कापलं असतं आणि मला दुसऱ्या कुठल्या गावचं, दुसऱ्या कुठल्या देशाचं मूल दिलं असतं. शाळेची एक जागा गेली असती. दारात सुकमाया नावाची तिच्याच वयाची पोर उभी होती, नाव घ्या म्हणून. हेडसरांनी तिला पवित्राच्या जागी बसवलं. चार वर्षं झाली. माझ्याकडे आलेली गेल्या चार वर्षांतली सगळी पत्रं सुकमायाची. अक्षर तिचं, मजकूर तिचा, खालची सही फक्त पवित्राची.

सु. उठली आणि फोटोंचं पाकीट घेऊन आली. पाचवीचा फोटो, सातवीचा फोटो. ‘कान बघा. हिची पाळी गालाला चिकटलेली, हिची सुटी. मी तेव्हाच म्हटलं होतं तुम्हाला.’

‘कधी?’

‘तेव्हाच. तुम्ही म्हणालात, मुली वयात आल्या की बदलतात. मी म्हटलं, कान?’

आठवतं. म्हटली होती.

वानखेडे म्हणाला, ‘पण पोरगी शिकली ना रे? नाव कुणाचंही असो.’

त्याला काय जातंय. चार वर्षं पत्रं त्याला नव्हती येत. मी म्हटलं, तुला खोटं चालतं, मला चालत नाही. तर म्हणतो, ‘वसतिगृहात ट्रस्टी यायचे तेव्हा आपल्याला धुतलेले शर्ट कोणाचे घालायचे रे? आणि तू पुढे उभा राहून कविता म्हणायचास, लाडू तुला दोन.’

ते वेगळं. शर्ट उसना होता. नाव माझं होतं.

१४ फेब्रुवारी

दिवसभर पत्रं वाचली. सातवी ते दहावी. ‘मला लांबचं दिसत नव्हतं, चष्मा मिळाला, आता फळ्यावरचं मीच इतरांना वाचून सांगते.’ ‘पावसात वसतिगृहाचं छप्पर गळतं, आम्ही ताटल्या ठेवतो, प्रत्येक ताटलीचा आवाज वेगळा.’ ‘तुम्ही पत्रात लिहिलेल्या दोन कडव्यांत शेळी टेकडीवर एकटी का जाते? आमच्याकडे शेळ्या एकट्या जात नाहीत.’ या प्रश्नावर मी दोन पानं उत्तर लिहिलं होतं.

कुणाला लिहिलं होतं?

दर कार्तिकात पवित्राच्या वाढदिवसाला मी घरी खीर करायला लावतो. तो दिवस सुकमायाचा नाहीच. तिला त्या दिवशी माझं कार्ड मिळायचं आणि ती आभाराचं पत्र लिहायची. छान लिहायची. एकदाही, एका ओळीत, एका शब्दात नाही की बाबा, मी ती नव्हे. बारा-तेरा वर्षांची होती म्हणा. आता सोळाची आहे. सोळाव्या वर्षी कळतं.

खरी पवित्रा कुठे आहे, हे चार वर्षांत मी विचारलंच नाही, कारण ती माझ्यासमोर होती.



१६ फेब्रुवारी

संस्थेला पत्र तयार केलं. विषय : लाभार्थी बालिकेच्या ओळखीबाबत गंभीर अनियमितता. मुद्दे एक ते सहा. सोबत फोटो दोन, कान गोल करून. मसुदा तीनदा सुधारला. बऱ्याच दिवसांनी हात चालला. पाठीचा कणा ताठ झाल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. शेवटचं वाक्य, ‘योग्य ती कार्यवाही तत्काळ करण्यात यावी’, हे तर हातातून आपोआप उतरतं.

प्रत माहितीसाठी : मुख्य कार्यालय. नेपाळ कार्यालय. कार्यक्रम तपासणी विभाग.

सु.ने चष्मा लावून सगळं वाचलं. ‘त्या पोरीचं पुढे काय, ते कुठे लिहिलंय?’

‘तो या पत्राचा विषय नाही.’

‘मग कशाचा आहे?’

दु. ३.१० ला ईमेल केला. पोचल्याची नोंद आली.

१८ फेब्रुवारी

बरं वाटतंय. आपण योग्य ते केलं. सु. कमी बोलते आहे.

२३ फेब्रुवारी

उत्तर आलं. इतक्या लवकर सरकारात येत नाही.

आपल्या सतर्कतेबद्दल आभारी आहोत. सदर बालिका यादीत नसल्याने तिचे साहाय्य तत्काळ थांबवण्यात आले आहे. शाळेची चौकशी सुरू केली आहे. आपली गैरसोय होऊ नये म्हणून आपल्याला नवीन बालक देण्यात येत आहे. सोबत फोटो.

फोटोत पाच-सहा वर्षांचा एक मुलगा. दुसराच देश, दुसराच खंड. हसतोय. मी फोटो उलटा ठेवला, मग पोराचा काय दोष म्हणून पुन्हा सुलटा केला.

‘थांबवण्यात आले आहे.’ मी थांबवा असं लिहिलं नव्हतं. पत्र काढून पुन्हा वाचलं. कार्यवाही करा असं लिहिलं होतं.

२४ फेब्रुवारी

फोन केला. एक मुलगी बोलत होती, गोड आवाज, नातीएवढी असेल.

मी म्हटलं, साहाय्य बंद करा असं माझं म्हणणं नव्हतं. परीक्षा तोंडावर आहे.

‘पर सर, आप ही ने तो लिखा है।’

मी म्हटलं, मी चौकशी करा असं लिहिलंय.

‘सर, इतना क्लिअर मेल तो हमें कभी आता ही नहीं। हमने टीम में सबको दिखाया।’

२६ फेब्रुवारी

मेट्रोने दिल्लीला, संस्थेच्या कार्यालयात. भिंतीवर हसऱ्या मुलांचे मोठे फोटो. त्याच मुलीने पाणी दिलं, सर सर केलं, बसवून ठेवलं नाही. मी अर्ज दिला, तक्रार मागे घेत आहे.

लेखी तक्रार मागे घेता येत नाही. एकदा तपासणी विभागाला प्रत गेली की फाइल त्यांची. प्रत मीच पाठवली होती.

मी म्हटलं, बेटा, एक मुलगी घरी जाईल.

ती खरंच कळवळली. ‘सर, आय अंडरस्टँड. लेकिन वो लड़की सिस्टम में है ही नहीं।’

चौतीस वर्षांत हे वाक्य मी किती लोकांना, किती प्रेमाने सांगितलं असेल. त्यांनाही पाणी द्यायचो.

येताना बदरपूरपर्यंत उभा होतो, कोणी जागा दिली तरी बसलो नाही.

२८ फेब्रुवारी

वानखेडेकडून हेडसरांचा नंबर घेतला. आता कसला नियम. हिंदी बोलतात, त्यांच्या पद्धतीचं. माझं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग ‘हजुर’ म्हणाले.

मी विचार केला होता, आधी रागावेन. हक्क होता माझा. म्हटलंही, चार वर्षं आपण मला फसवलंत. ‘हो हजुर.’ सबब नाही, काही नाही. भांडायला आलेल्या माणसाने करायचं काय मग.

वसतिगृहातली जागा महिनाअखेरपर्यंत, म्हणजे त्यांच्या महिन्याची अखेर. अजून पंधरा दिवस. मग तिने वर घरी जायचं. परीक्षेला तिथून येईल ना, मी विचारलं. म्हणाले, ऊपर गया हुआ लड़की नीचे नहीं आता हजुर. रागाने नाही, पावसापाण्याचं सांगावं तसं म्हणाले.

मी म्हटलं, मी परस्पर पाठवतो शुल्क, संस्थेला मध्ये घेऊ नका. घाबरले. चौकशीची माणसं येणार आहेत, शाळेतली बाकीची मुलं त्याच यादीवर आहेत, आता कुठल्याही दात्याकडून काही घ्यायची सोय नाही. पालकाने लेखी दिलं तरच बघता येईल. तिच्या वडिलांशी बोलतो म्हणाले. मी माझा पूर्ण पत्ता सांगितला, कागद पाठवायचा झाला तर असावा म्हणून. पिनकोडसकट.

ठेवता ठेवता म्हणाले, ‘हजुर, लड़की पूछ रहा था, कविता में कुछ गलती हुआ क्या? इसलिए नाराज हुआ?’

मी म्हटलं, नाही, नाही. आणि मग म्हटलं, दुसऱ्या कडव्यात एक शब्द चुकला होता, पण चालेल.

हे का बोललो मी?

१ मार्च

सु. गच्चीवर पापड वाळत घालत होती. मी मदतीला गेलो. सगळं सांगितलं, त्या एका शब्दाचंसुद्धा. हसेल किंवा चिडेल वाटलं. म्हणाली, ‘तुम्हाला ती मुलगी हवी होती की तिची पत्रं हवी होती?’

‘दोन्ही एकच.’

‘मग आता एकच का नाही?’

 पापड उलटत बसलो.

मला फसवलं हे खरंच आहे. ते मी सोडणार नाही. हेडसर रडले म्हणून ते खोटं होत नाही. मात्र वसतिगृहातून ताटली-गादी उचलून जायची वेळ ज्याच्यावर आली आहे, तो मी नाही. दोन्ही गोष्टी एका वेळी डोक्यात मावत नाहीत. एक आली की दुसरी बाहेर उभी राहते.

३ मार्च

सुकमायाला पत्र लिहायला बसलो. ‘प्रिय सुकमाया’ एवढं लिहिलं. चार वर्षं ओळखतो तिला. शेळीबद्दलचं तिचं म्हणणं, ताटल्यांचे आवाज, चष्मा, सगळं ठाऊक. आणि या नावापुढे हात चालत नाही, अनोळखी माणसाच्या घरात बूट काढून उभं राहावं तसं.

तिलाही चार वर्षं दर पत्राच्या खाली असंच वाटत असेल का?

पुढे लिहिता आलं नाही. वानखेडेचा फोन आला होता, मी घरी नाही असं सांग म्हटलं. सु.ने सांगितलं, ‘घरी आहेत, पण नाहीत.’

५ मार्च

हेडसरांना दोनदा फोन लावला. लागत नाही. डोंगरात रेंज नसते. दहा दिवस राहिले.

मनात येतं, तिचे वडील त्या उंचावर कुठे राबत असतील, त्यांच्यापर्यंत निरोप जाणार कसा, कागद खाली येणार कसा. वाटेत किती वळणं असतील. टेकडीच्या कवितेत सगळं एका कडव्यात होतं.

७ मार्च, सकाळ ११.४०

आत्ता बेल वाजली. सु.ने दार उघडलं. मला वाटलं गॅसवाला.

पन्नाशीचा माणूस, ठेंगणा, इस्त्रीचा शर्ट, गार्डची असतात तशी काळी जड बुटं. ती त्याने दाराबाहेर काढून ठेवली, नीट जोडीने. हात जोडले. म्हणाला, मी सुकमायाचा बाप.

 मी विचारलं, कधी निघालात, कसे आलात एवढ्या लांबून? म्हणाला, गुडगावहून. सोसायटीत गार्ड आहे, नऊ वर्षं झाली. दोन मेट्रो आणि एक रिक्षा. नाइट संपवून आलो.

नऊ वर्षं. मी इथून पत्रं नेपाळला पाठवत होतो.

सु.ने बसा म्हटलं. खुर्चीच्या कडेवर बसला. पाणी प्याला. मला वाटलं आता हात जोडेल, मुलीचं काहीतरी बघा म्हणेल. त्याला मी काय सांगायचं, तेही मनात जुळवलं होतं.

तो म्हणाला, ‘साहब, बेटी फोन पर आपकी चिट्ठी पढ़के सुनाती थी। पवित्रा, पवित्रा। मैं समझता था, ये नाम आपने रखा है। प्यार से। मैंने सोचा, बड़े आदमी हैं, पढ़ाते हैं, नाम भी रख लिया तो क्या।’

सु. माझ्याकडे बघत होती.

‘कल हेडसर का फोन आया, बोले कागज पर सही चाहिए। तब बताया। मेरी बेटी चार साल किसी और के नाम से पढ़ी, किसी और के नाम का खाना खाया। मुझसे किसी ने पूछा नहीं। सही मैं करूँगा, लेकिन पहले आप बताइए। ये पवित्रा कौन है, साहब?’

आवाज चढला नव्हता. खिशात पेन होतं, दिसत होतं.

चष्मा घेऊन येतो म्हणून मी आत आलोय. चष्मा डोळ्यांवरच आहे.  सु. हाक मारतेय.